चेक इंजिनचा दिवा आणि पत्र्याचा तुकडा

तुमसर-मोहाडीची धानाची पोती गिरणीत पोचवणारे पिकअप असोत की राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून साकोलीमार्गे रायपूरला निघालेले ट्रक, चेक इंजिनचा पिवळा दिवा कधी ना कधी लागतोच. डिझेल गाडीत त्यामागे अनेकदा इजीआर असतो. इंजिनाच्या धुराचा काही भाग तो पुन्हा आत सोडतो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले, तेव्हा याच भंडारा जिल्ह्यात गडेगावला कारखाना असलेल्या अशोक लेलँडने मोठ्या इंजिनांसाठी हाच मार्ग निवडला होता. पण धुरातली काजळी तेलाच्या वाफेत मिसळून व्हॉल्व्हवर थर धरते, व्हॉल्व्ह अडकतो आणि दिवा लागतो. मग पत्र्याचा तुकडा आडवा बसवून इजीआरच बंद करण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो खपतो याला गॅरेजपेक्षा आपली वाहनतपासणी अधिक जबाबदार आहे.

स्कॅनरवर पी ०४०१ हा कोड आला, तर धूर हवा तेवढा फिरत नाही एवढेच कळते. व्हॉल्व्ह बदला, असे तो कोड सांगत नाही. नळी तुंबलेली असेल, कूलर चोंदला असेल, व्हॅक्यूमचा पाइप चिरला असेल किंवा हवा मोजणारा सेन्सर मळला असेल. पी ०४०३ असेल तर आधी वायरिंग पाहायचे. स्कॅनरवरूनच व्हॉल्व्ह उघडून-मिटून पाहिला, तर कित्येकदा साफसफाईवर भागते. मात्र एवढी काजळी आली कुठून, हे शोधायलाच हवे: खराब इंजेक्टर, टर्बोची गळती की माल उतरेपर्यंत तासन्‌तास चालू ठेवलेले इंजिन.

पत्रा लावल्यावर गाडी चांगली ओढते, असे चालक सांगतात आणि ते खोटे नाही. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह ताज्या हवेची जागा खातो. वाट बंद केली की ताकद परत येते. पण व्हॉल्व्ह साफ केल्यावरही ती येते. गाडी उभी राहिली की भाडे बुडते, हप्ता मात्र थांबत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणूनच आधी नीट निदान हवे. अंदाजाने नवा व्हॉल्व्ह टाकणे त्याहून महाग पडते. शिवाय पत्र्यामुळे पी ०४०१ पुन्हा उमटतो, आणि मग इंजिनाच्या प्रोग्रॅममधूनच इजीआर काढून टाकण्याचा खर्च वाढतो. पीयूसी मिळते ना, हा शेवटचा युक्तिवाद. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे नव्हे. इजीआर बंद केल्यावर काजळी घटते, त्यामुळे अशी गाडी सहज पास होते. न दिसणाऱ्या या वायूंपासून उन्हात ओझोन बनतो. तो फुप्फुसांना आणि पिकांना दोन्हींना बाधतो, आणि आपला जिल्हा धानावर जगतो.

परिवहन विभागाने फिटनेस तपासणीत कोड वाचणे आणि इजीआरचा व्हॉल्व्ह खरोखर हलतो का हे पाहणे सक्तीचे करावे, कारण प्रोग्रॅममधून काढलेला इजीआर नुसत्या कोडमध्ये सापडत नाही. गाडीमालकांनी दुरुस्तीआधी कोड लिहून मागावा आणि पत्रा बसवू देऊ नये.