विश्लेषण : हळदीच्या पाकिटावर घरचा नंबर कशासाठी?

घरून ऑनलाइन विक्री करणाऱ्यांनी खासगी आणि धंद्याची समाजमाध्यम खाती वेगळी ठेवावीत, असा सल्ला नेहमी दिला जातो. छोट्या विक्रेत्याला त्याची खरोखर गरज आहे का, आणि असल्यास सुरुवात कुठून करावी?

सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा, साताऱ्याचा कंदी पेढा या मालाला मुळातच नाव आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या नावाच्या बळावर, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस आणि इन्स्टाग्रामच्या मदतीने घरातूनच पुण्या-मुंबईला माल पाठवणारे विक्रेते दोन्ही जिल्ह्यांत आहेत. सुरुवात घरच्या मोबाइलवरूनच होते. पहिले गिऱ्हाईक पुण्यातली मावशी, दुसरे तिची शेजारीण. इथवर काही बिघडत नाही. खरा प्रश्न येतो पाकिटे छापायला टाकताना. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार ग्राहकाने तक्रार कुणाकडे करायची, त्याचे नाव, पत्ता, फोन आणि ईमेल पाकिटावर द्यावा लागतो. तिथे सवयीने घरचाच नंबर जातो.

घरच्या नंबरने बिघडते काय?

ज्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात, जो आधारला जोडलेला असतो, मुलांच्या शाळेच्या गटात असतो, तोच नंबर हजार पाकिटांवर छापला जातो. छापलेला नंबर परत घेता येत नाही. ‘मोठी ऑर्डर द्यायची आहे, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगणारा भामटा तिथूनच आत शिरतो. (यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.) विक्रेती महिला असेल तर त्रास आणखी वेगळा. रात्री अकराला बेदाण्याचा भाव विचारणारा आणि तिच्या फोटोवर शेरेबाजी करणारा, दोघेही एकाच दारातून येतात. दुसऱ्याला हाकलण्यासाठी दार लावले, तर पहिलाही बाहेर राहतो.

शिवाय, अनोळखी लोकांना घाऊक संदेश पाठवले आणि त्यांनी तक्रारी केल्या, तर व्हॉट्सअ‍ॅप खाते बंद करू शकते. खाते एकच असेल तर धंद्याबरोबर नातेवाईक, शाळा, भिशी असे सगळेच गट हातचे जातात.

इन्स्टाग्राम, फेसबुकवर वेगळे काय?

इन्स्टाग्रामवरचे खासगी खाते ‘प्रोफेशनल’ केले की ते सर्वांसाठी खुले होते. प्रोफेशनल खाते खासगी ठेवण्याची सोयच नाही. म्हणजे आधी टाकलेले बारशाचे, शाळेच्या गणवेशातले, घराच्या अंगणातले फोटो कुणालाही पाहता येतात. त्यातच पार्सलवर घरचा पत्ता असतो. या दोन्हींची सांगड घालायला फार हुशारी लागत नाही. फेसबुकवर वैयक्तिक प्रोफाइलला पाच हजार मित्रांची मर्यादा आहे, पेजला अशी मर्यादा नाही. मात्र पेज कुणाच्या तरी प्रोफाइलवरूनच चालवावे लागते. ते प्रोफाइल दुसऱ्याच्या ताब्यात गेले तर पेजही जाऊ शकते. म्हणून घरातल्या आणखी एका विश्वासू व्यक्तीला पेजची सूत्रे दिलेली बरी.

कायदा ही रेघ कुठे ओढतो?

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा खासगी वा घरगुती कारणासाठी जपलेल्या माहितीला लागू होत नाही. मावशीचा नंबर आणि पत्ता घरगुती ठरतो. तीनशे गिऱ्हाइकांचे नंबर आणि पत्ते घरगुती ठरत नाहीत. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतूनही सूट आहे ती वैयक्तिक नात्याने केलेल्या व्यवहाराला, आणि तोही नियमित वा पद्धतशीर धंद्याचा भाग नसेल तरच. थोडक्यात, धंदा किती मोठा यापेक्षा तो नियमित आहे का, याला महत्त्व आहे. दर आठवड्याला पार्सले जात असतील, तर ‘आमचे आपले घरगुतीच’ ही सबब टिकणारी नाही.

पण धंदा तर ओळखीवरच चालतो?

हा आक्षेप खरा आहे. गिऱ्हाईक मसाला घेते ते करणाऱ्या काकूंवर विश्वास ठेवून. कंपनीसारखे थंड, बिनचेहऱ्याचे खाते काढले तर तो विश्वास पातळ होतो. पण खाते वेगळे करणे म्हणजे चेहरा लपवणे नव्हे. धंद्याच्या खात्यावर काकू दिसाव्यात, त्यांचे शेत दिसावे, हळद शिजवण्याची काहील दिसावी. नातवंडे, घरातले आजारपण आणि कुटुंब गावाला गेल्याचे फोटो तिथे नकोत. नाव आणि पत्ता कायद्यानेही लपवता येत नाही. लपवायचे काहीच नाही. फक्त कोणत्या दाराने काय आत यावे, हे ठरवायचे आहे.

खाते कुणाच्या नावावर?

सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अगदी छोटी बचत करू पाहणाऱ्या बायकांना दारात उभे न करणारी बँकव्यवस्था, ही त्यामागची पार्श्वभूमी होती. स्वतःच्या नावाचे खाते म्हणजे स्वतःच्या कमाईवर ताबा, हा त्याचा अर्थ. आज तोच प्रश्न मोबाइलवर आला आहे. लोणचे आई घालते, खाते मुलाच्या नंबरवर आणि पासवर्ड पुतण्याकडे. मुलगा नोकरीला गेला, पुतण्याशी बिनसले किंवा फोन हरवला, की वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइके एका दिवसात दिसेनाशी होतात. राबणाऱ्या व्यक्तीच्याच नावावर सिम, ईमेल आणि पासवर्ड असले पाहिजेत.

मग सुरुवात कशी करावी?

दुसरा फोन घेण्याची गरज नाही. दोन सिमच्या फोनमध्ये नेहमीचे व्हॉट्सअ‍ॅप आणि मोफत मिळणारे व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस शेजारी-शेजारी चालतात. फक्त नंबर वेगवेगळे लागतात. बिझनेस अ‍ॅपमध्ये मालाची यादी, कामाची वेळ आणि वेळेनंतर आपोआप जाणारे उत्तर टाकता येते. नव्या नंबरवर नवा ईमेल, त्यावर इन्स्टाग्रामचे नवे खाते, आणि सगळीकडे दोन टप्प्यांची सुरक्षा. पैशांसाठीही बँकेचे वेगळे खाते असले, तर हिशेब सोपा होतो. सिमचा रिचार्ज मात्र चुकवू नये. नंबर दीर्घकाळ बंद राहिला तर तो दुसऱ्याला दिला जाऊ शकतो.

जुनी गिऱ्हाइके हळूहळू हलवावीत. काही महिने घरच्या स्टेटसवर नवा नंबर देत राहावे, उरलेल्या पाकिटांवर चिकटपट्टी लावावी. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

लोगो, छायाचित्रे, जाहिराती यांना पुढे वेळ आहे. पाकीट छापायला जाण्याआधी एक सिम घ्यावे. खर्च एका रिचार्जचा आहे, आणि छापून झाल्यावर तेवढ्यात भागत नाही.