डेडस्टॉकमधला टीव्ही

मागच्या अंकाच्या शेवटच्या पानावर एक चौकट टाकली होती. शाळेतला टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब यांपैकी आज काय चालू आहे, काय बंद आहे आणि बंद का आहे, एवढेच विचारले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा पुष्कळ आली. यंत्र बिघडले म्हणून बंद, असे लिहिणारे त्यांत थोडेच. बहुतेकांनी दोन कारणे दिली: थकलेले वीजबिल आणि डेडस्टॉक रजिस्टर. पहिल्याबद्दल शिक्षक परिषदेत बोलतात, निवेदने देतात. दुसऱ्याबद्दल उघड कोणी बोलत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

एका द्विशिक्षकी शाळेतल्या बाईंचे पत्र समोर आहे. बदलीने त्या शाळेत रुजू झाल्या, चार्ज घेतला, यादीप्रमाणे वस्तू मोजल्या. कपाटात टॅब होते, खोक्यांसकट, पडद्यावरचे प्लास्टिकसुद्धा न काढलेले. आधीच्या गुरुजींनी निरोप दिला, ‘मी जसे घेतले तसे दिले. तुम्हीही तसेच ठेवा.’ बाईंनी ते मुलांना द्यायचे ठरवले, तेव्हा पहिलीच सूचना मिळाली ती फुटले तर भरून द्यावे लागेल ही. कोणत्या आदेशानुसार, हे विचारल्यावर उत्तर नव्हते. नियम असा कुठे दाखवता येत नाही, पण भीती मात्र प्रत्येक तालुक्यात आहे. आणि ती निराधारही नाही. ऑडिटला येणारा माणूस रजिस्टर उघडतो, नग मोजतो, कमी असला की आक्षेप लिहितो. तो आक्षेप निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. टॅबवर किती मुले वाचायला शिकली, हे लिहायला त्याच्या तक्त्यात रकानाच नाही.

हे रजिस्टर बेंच, कपाट, घंटा, वजनकाटा यांच्यासाठी तयार झाले. लोखंडी कपाट वीस वर्षे टिकते आणि वापरले नाही तरी बिघडत नाही. टॅबचे उलट आहे. लिथियमची बॅटरी महिनोन्‌महिने चार्ज न करता पडून राहिली की ती निकामी होते, कधी फुगते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घातले नाही तर उन्हाळ्याच्या एका सुट्टीत ती जाते. अँड्रॉइडची आवृत्ती जुनी झाली की नवे अ‍ॅप त्यावर चढत नाही. जपून ठेवल्याने जी वस्तू मरते, ती वस्तू जपून ठेवली म्हणून शाळेचा शेरा चांगला येतो. आमच्या मते आपल्या शाळांतल्या तंत्रज्ञानाचे सगळ्यात मोठे नुकसान नेटच्या अभावाने झालेले नाही. ते या रजिस्टरने केले आहे.

बंद पडलेली वस्तू रजिस्टरमधून काढायची तर निर्लेखन. वर्गखोलीचे निर्लेखन कसे होते, हे आपल्याला माहीत आहे. अभियंता येतो, खोली धोकादायक असल्याचा दाखला देतो, प्रस्ताव वर जातो. वेळ लागतो, पण वाट ठरलेली आहे. टीव्हीच्या बाबतीत हा दाखला कोणी द्यायचा? गावातल्या दुरुस्तीवाल्याची चिठ्ठी चालत नाही, कंपनीचे सेवा केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि पंचायत समितीत या कामाला नेमलेला माणूस नाही. एका मुख्याध्यापकांनी प्रस्ताव केला तर तो ‘तांत्रिक अहवाल जोडलेला नाही’ म्हणून परत आला. अहवाल कोणाकडून आणायचा, असे लेखी विचारले तर पत्राला उत्तर नाही. त्यांच्या कार्यालयात आज तीन पिढ्यांची यंत्रे आहेत: आयसीटी योजनेतले जुने संगणक, लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर आणि देणगीतला टीव्ही. तिन्ही बंद, तिन्हींची नोंद जिवंत. भंगारात द्यायची सोय नाही, कारण २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच गेला पाहिजे. तो तालुक्यात कुठे आहे, हेही शाळेनेच शोधायचे. आधीच वर्गखोल्या अपुऱ्या, त्यात एक कोपरा या सामानाने कायमचा अडवलेला.

आयसीटी योजनेची आठवण इथे मुद्दाम करतो. करार पाच वर्षांचा होता. पाच वर्षे कंपनीने संगणक सांभाळायचे, निदेशक द्यायचा आणि नंतर सगळे शाळेच्या स्वाधीन करायचे. करार संपला, निदेशकांचे काम गेले, त्यांनी आंदोलने केली, आणि संगणक शाळांच्या पदरात पडले ते सांभाळण्याच्या खर्चाची कोणतीही तरतूद न करता. यातून शिकायला हवे होते. पण त्यानंतर आलेल्या प्रत्येक योजनेत वस्तू देण्याचा समारंभ आहे, देखभालीचे पान कोरे आहे.

आता वीजबिल. समग्र शिक्षाच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळते. ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर. म्हणजे छोट्या शाळेच्या हातात उरतात ९,००० रुपये, महिन्याला ७५०. यात खडू, कागद, रजिस्टरे, पिण्याचे पाणी, किरकोळ दुरुस्ती, इंटरनेट आणि वीज. शाळा मे महिन्यात बंद असली तरी बिलातला स्थिर आकार चालूच राहतो. आणि हे अनुदान जूनमध्ये कधी आले, असे एकाही पत्रात लिहिलेले नाही. ते येते वर्षाच्या शेवटी, पीएफएमएसवर मर्यादा दिसते, आणि ३१ मार्चच्या आत खर्च करा नाहीतर परत जाईल असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. तोवर दहा महिन्यांचे बिल कोणी भरले? गुरुजींनी, स्वतःच्या खिशातून. ज्यांनी भरले नाही त्यांचे मीटर कापले गेले, आणि पुन्हा जोडणीचा खर्च वेगळा. मार्चमधल्या आठ दिवसांत घाईने केलेल्या खरेदीत शाळेला काय मिळते, हे आपण सगळे जाणतो.

अधिकाऱ्यांना आमचे थेट सांगणे आहे. हे पैसे वाढवा, ही मागणी जुनी आहे आणि ती आम्ही सोडलेली नाही. पण वेळेवर देण्याला जादा एक रुपयाही लागत नाही. निर्लेखनाचा अधिकार ठरावीक किमतीपर्यंत गटशिक्षणाधिकाऱ्यांना देणे, तांत्रिक दाखला देणारा माणूस तालुक्यात नेमणे, वर्षातून एकदा तालुक्याचा ई-कचरा एकत्र उचलणे आणि वर्गात वापरताना झालेली मोडतोड शिक्षकाच्या अंगावर येणार नाही असे एका परिपत्रकात स्पष्ट लिहिणे: यासाठी वेगळ्या लेखाशीर्षाची गरज नाही. शिक्षकाने दररोज काय भरावे याची परिपत्रके एका दुपारात निघतात. हे एक परिपत्रक इतकी वर्षे का निघत नाही?

प्रशिक्षणाकडे वळू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे सातत्यपूर्ण प्रशिक्षण सांगितले आहे. ‘निष्ठा’ प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झाले, २०२० च्या ऑक्टोबरपासून दीक्षा पोर्टलवर ऑनलाइन आले, प्राथमिकसाठी १८ घटक संच. वरिष्ठ आणि निवड श्रेणीचे प्रशिक्षण वेगळे, आणि ते वेतनश्रेणीशी जोडलेले असल्याने चुकवता येत नाही. इतक्या तासांत तंत्रज्ञानावर सत्र हमखास असते. व्हिडिओ कसा बनवावा, प्रश्नमंजूषा कशी करावी, अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून पाठनियोजन कसे घ्यावे. हे शिकायला आमची हरकत नाही. आमच्या अंकांतूनही ते देतो. पण एकाही वेळापत्रकात बॅटरीची निगा, वीजबिलावरचा दर वर्ग वाचणे, निर्लेखनाचा प्रस्ताव लिहिणे किंवा एका टीव्हीवर चार इयत्तांचा वर्ग कसा चालवावा, यासाठी तासभर ठेवलेला नाही. राज्यस्तरावरून जिल्हा, तिथून तालुका, तिथून केंद्र, असे प्रशिक्षण खाली येते तेव्हा सुलभकाच्या हातात वरून आलेली पीपीटी असते आणि शिक्षकाचा प्रश्न तिच्यात नसतो. सत्र संपते ते लिंक भरून आणि फोटो चढवून.

दुसऱ्या पद्धतीने शिकता येते, हे याच राज्यात सिद्ध झालेले आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने ज्ञानरचनावादी वर्ग उभे राहिले, तेव्हा राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. फरशीवर आखलेले तक्ते, खडे, काड्या, शब्दपट्ट्या. महागडे साहित्य जवळजवळ नव्हते. शिक्षक दिवसभर वर्गात बसले, मुलांशी बोलले, तिथल्या बाईंना अडचणी विचारल्या आणि परत जाऊन आपल्या वर्गात तसे करून पाहिले. शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचेही तसेच. डिजिटल शाळेची लाट तिथून पसरली ती शिक्षकाने शिक्षकाला दाखवल्यामुळे. त्याही आधी कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाड्यावर मिळणाऱ्या वस्तूंतून शैक्षणिक साहित्य उभे केले. त्यातले एखादे साहित्य तुटले तर दुसऱ्या दिवशी नवे करता येत होते. मुलांनी साहित्य हाताळले पाहिजे, ही पूर्वअट तिथे होती. आज टॅबच्या बाबतीत ती पूर्वअटच आपण सोडून दिली आहे.

आता आपल्याच मंडळींशी बोलायचे आहे, आणि स्पष्ट बोलायचे आहे.

यूडायस प्लसची माहिती भरताना उपकरणे किती आणि त्यांतली चालू किती, असे विचारले जाते. बंद पडलेला टीव्ही ‘चालू’ म्हणून भरणारे मुख्याध्यापक आपल्यात आहेत. कारण विचारले तर सांगतात, बंद लिहिले की खुलासा मागतात. मागू द्या. तुम्ही ‘चालू’ लिहिता तेव्हा तालुक्याच्या अहवालात ती शाळा डिजिटल ठरते, आणि शेजारच्या केंद्रातल्या ज्या बाईंनी खरे लिहिले त्या एकट्या पडतात. दुरुस्तीची मागणी ज्या आकड्यावर उभी राहायची, तो आकडा आपल्याच हाताने खोटा होतो. खिशातून बिल भरून गप्प बसणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. तुमची तळमळ खरी आहे, तिच्याविषयी आदर आहे. पण शाळेचा खर्च कागदावर दिसलाच नाही तर तो कोणाच्या अंदाजपत्रकात येणार? बिल भरलेच तर शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात रक्कम, तारीख आणि कोणी भरले, हे लिहा.

एक हत्यार आपण गंजत ठेवले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, आणि शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या योजना आणि अनुदान यांचा आधार तो आराखडाच असेल, असे त्याच कलमात आहे. किती शाळा तो मन लावून करतात? मागच्या वर्षीचा आराखडा तारीख बदलून पुढे पाठवला जातो. यंदा तसे करू नका. वीज, इंटरनेट, बॅटरी बदलणे, दुरुस्ती, वापरातली मोडतोड असे वेगळे शीर्ष घाला, प्रत्यक्ष बिलांच्या झेरॉक्स जोडा, पालक सदस्यांच्या सह्या घ्या आणि पोच घेऊन सादर करा. तोच कागद ग्रामसभेत ठेवा. शिक्षण हा विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे दिलेला आहे. गावाच्या विकास आराखड्यात शाळेचे वीजबिल मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. सरपंचांकडे तोंडी शब्द टाकून परत येणाऱ्या गुरुजींना विनंती, लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या.

काही कामे उद्याच करता येतील. वीजबिल काढून दर वर्ग पाहा. शासकीय शाळांसाठी सार्वजनिक सेवा हा वेगळा वर्ग आहे आणि तुमच्या बिलावर व्यावसायिक दर लागत असेल तर उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या. दीक्षावरचे लागणारे पाठ जिथे नेट आहे तिथे उतरवून घ्या, ते नंतर नेटशिवाय चालतात. टॅबचा वापर सुरू करण्यापूर्वी समितीचा ठराव करा की टॅब मुलांच्या हातात देण्याचा निर्णय समितीचा आहे आणि वापरात झालेल्या बिघाडाची नोंद त्याच दिवशी इतिवृत्तात होईल. हा ठराव म्हणजे पूर्ण संरक्षण आहे, असा दावा आम्ही करत नाही. पण एकट्या शिक्षकाच्या सहीपेक्षा पालकांच्या सह्यांचा कागद जड असतो. केंद्रप्रमुखांनी पुढच्या शिक्षण परिषदेतला एक तास यासाठी द्यावा आणि केंद्रातल्या सगळ्या शाळांचे निर्लेखन प्रस्ताव एकत्र पाठवावेत. एका शाळेचा कागद परत करणे सोपे असते, पूर्ण केंद्राचा तितका सोपा नसतो.

परत आलेल्या प्रस्तावांवरचे शेरे, न मिळालेली उत्तरे, अनुदान खात्यावर दिसल्याची तारीख आणि केलेल्या ठरावांच्या प्रती आम्हाला येत्या महिनाअखेरीपर्यंत पाठवा. शाळेचे नाव छापायचे नसेल तर तसे पत्रावरच लिहा, ते छापले जाणार नाही. आलेले सगळे जिल्हावार मांडून पुढच्या अंकात देऊ, आणि त्या अंकाच्या प्रती शिक्षण आयुक्त आणि प्रत्येक जिल्ह्याचे प्राथमिक शिक्षणाधिकारी यांना नोंदणीकृत टपालाने पाठवू.