हेलेना सगळं आधीच सांगत होती, मग कुणी ऐकलं का नाही?

(स्पॉयलर अलर्ट : 'हाऊस ऑफ द ड्रॅगन'चे पहिले दोन सीझन पाहिले नसतील, तर आधी ते बघा.)

हातात किडे घेऊन बसणारी, नजर चुकवणारी, मधेच असंबद्ध काहीतरी पुटपुटणारी राणी हेलेना टार्गेरियन. २०२२ मध्ये पहिला सीझन आला तेव्हा अनेकांनी तिला वेडसर समजून सोडून दिलं. तिच्या घरच्यांनीही तेच केलं होतं.

पण तिची वाक्यं एकदा जुळवून बघा. धाकट्या एमंडला ड्रॅगन हवा असतो, तेव्हा ती म्हणते की त्याला एक डोळा मिटावा लागेल. पुढच्याच भागात एमंडला व्हेगार मिळते आणि त्याचा डोळा जातो. फळ्यांखाली एक जनावर आहे, असं ती आई अ‍ॅलिसेंटला सांगते. त्याच भागात एगॉनच्या राज्याभिषेकात रेनिस ड्रॅगनवर बसून जमीन फोडून वर येते. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ती नवऱ्याला, म्हणजे एगॉनला, सांगते की तिला ड्रॅगनची नाही, उंदरांची भीती वाटते. तो ते हसण्यावारी नेतो. त्याच भागाच्या शेवटी उंदीर पकडणारा एक माणूस साथीदारासोबत महालात शिरतो आणि तिच्या लहानग्या मुलाचा जीव जातो.

मग तिला सगळं कळत होतं, तर तिने मुलाला वाचवलं का नाही? हा प्रश्न बरोबर आहे, पण अर्धा आहे. तिला दिसतात ते तुकडे. उंदीर दिसतात, माणसं नाही. आणि हे तुकडे जोडायला समोर ऐकणारं कुणीतरी लागतं.

आपल्याकडच्या लोककथांत सहदेवाला भविष्य कळत होतं, पण कुणी विचारल्याशिवाय त्याला ते सांगता येत नव्हतं. हेलेनाची अडचण उलटी आहे. ती न विचारता सांगते, पण 'म्हणजे काय गं?' असं तिला कुणी विचारत नाही.

याच घराण्यात पूर्वी डेनिस नावाच्या मुलीला व्हॅलिरियाच्या विनाशाचं स्वप्न पडलं होतं. तिच्या वडिलांनी, एनारने, त्यावर विश्वास ठेवला आणि विनाशाच्या १२ वर्षं आधी कुटुंबकबिला घेऊन ड्रॅगनस्टोन गाठलं. टार्गेरियन वाचले ते त्यामुळेच. रक्त तेच, शक्ती तीच. फरक आहे तो ऐकणाऱ्या बापात.

हेलेनाचा बाप व्हिसेरिस तर आयुष्यभर भविष्यवाणीच्याच मागे होता. मुलाच्या डोक्यावर मुकुट असल्याचं स्वप्न त्याने उराशी धरलं आणि त्या हट्टापायी बाळंतपणात बायको एमाचा बळी दिला. पूर्वज एगॉनचं स्वप्न त्याने खंजिरावर कोरलेलं जपून ठेवलं आणि रेनिराला गुपित म्हणून सोपवलं. खरी स्वप्नं बघणारी मुलगी मात्र त्याच्याच घरात किड्यांचे पाय मोजत बसली होती. राजाचं स्वप्न हा वारसा आणि मुलीचं स्वप्न ही बडबड, हा हिशोब मालिका कुठेही मोठ्याने मांडत नाही, पण तो सगळीकडे आहे.

विशेष म्हणजे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'फायर अँड ब्लड' या पुस्तकात हेलेनाला अशी स्वप्नं पडत नाहीत. ही भर मालिकेची, आणि ती चांगली जमली आहे.

थोडी गडबड होते ती ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागात. एमंडला युद्धासाठी तिची ड्रॅगन ड्रीमफायर हवी असते. ती साफ नकार देते आणि त्याचा मृत्यू कुठे होणार, हेही थेट सांगून टाकते. कोड्यात बोलणारी मुलगी अचानक पुढच्या सीझनचा ट्रेलर वाटू लागते. तरी तो नकार महत्त्वाचा आहे. भविष्य बदलणार नाही हे तिला माहीत आहे, पण त्यासाठी माणसं जाळायला ती तयार नाही. ठार मारण्याच्या धमकीनेही ती हलत नाही.

त्याच भागात हॅरनहॉलमध्ये झाडाला हात लावल्यावर डेमनला दृष्टांत होतो. त्यात हेलेना येते आणि या गोष्टीत त्याचं काम काय, याची त्याला आठवण करून देते. डेमन ऐकतो, आणि पुढे सगळ्यांसमोर रेनिरापुढे गुडघे टेकतो. हेलेनाचं म्हणणं ऐकून त्याप्रमाणे वागणारा हा पहिलाच माणूस. तिच्या मुलाचा जीव घेणाऱ्यांना महालात पाठवलं होतं, तेही यानेच.