स्वस्त औषधाला वाली कोण?

रक्तदाबाच्या गोळीने हिपॅटायटिस बरा होतो, असे कोणी सांगत असेल तर ते साफ चूक आहे. प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल ही बीटा ब्लॉकर औषधे विषाणूला मारीत नाहीत. ते काम विषाणूरोधक औषधांचे. पण ही भाबडी समजूत खोडताना तिच्यामागचे खरे संशोधनही आपण अडगळीत टाकतो. आक्षेप आहे तो याला.

हिपॅटायटिस बी किंवा सी वर्षानुवर्षे अंगात मुरला, की काही रुग्णांचे यकृत व्रणांनी कठीण होते. यालाच सिरॉसिस म्हणतात. आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते आणि शिरेतील दाब वाढतो. मग पोटात पाणी साठते, अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटतात. विषाणू नष्ट झाला म्हणून हा दाब लगेच ओसरतोच असे नाही. बीटा ब्लॉकर तो उतरवतात.

स्पेनमधील चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सिरॉसिसमुळे हा दाब वाढलेल्या, पण गुंतागुंत सुरू न झालेल्या २०१ रुग्णांवर ती झाली. अशी गुंतागुंत किंवा मृत्यू औषध घेणाऱ्या १०० जणांपैकी १६ जणांच्या वाट्याला आला; औषधाविना राहिलेल्या १०१ जणांपैकी २७ जणांच्या. या चाचणीला पैसा तेथील सरकारने पुरवला. पेटंट केव्हाच संपलेल्या गोळीसाठी कोणती कंपनी खिशात हात घालणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात २.९८ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाखांना सी होता. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून विषाणूरोधक औषधे मोफत मिळतात, हे निःसंशय स्तुत्य आहे. परंतु विषाणू आटोक्यात आला, म्हणजे कर्तव्य संपले काय?

‘ही औषधे धोक्याची आहेत’, असे कोणी म्हणेल. खरे आहे. दमा, मंद नाडी किंवा कमी रक्तदाब असलेल्यांना ती घातक ठरू शकतात. म्हणूनच ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पण धोका हे चाचणी टाळण्याचे नव्हे, करण्याचे कारण आहे. स्पेनच्या चाचणीत हिपॅटायटिस सीचे रुग्ण बहुसंख्य होते. आपल्यावर भार बीचा आहे. त्यांचे उत्तर आपल्याला आयते पुरणार नाही.

दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेने कार्व्हेडिलॉलवर चाचण्या केल्या आहेत. तज्ज्ञांची वानवा नाही. देशभरातील रुग्णालयांना जोडणारी मोठी चाचणी सार्वजनिक निधीतूनच उभी राहील. ज्या औषधात नफा नाही, त्याचा कैवार शासनाने घ्यायचा नाही, तर कोणी?