तंबूची उलटी बाजू

आई शिवणकाम करायची. फाटका कपडा हातात आला की आधी तो उलटा करायची, दोऱ्यांची टोकं कुणीकडे वळलीत ते बोटानं चाचपायची आणि मग विचारायची, "खिळ्याला अडकली म्हणतोस? ही तर ब्लेडनं कापलीय." शाळेच्या चड्डीबद्दलची माझी बरीच खोटी त्या बोटाखाली उघडी पडली.

तिची आठवण आली ती उरल पर्वतातल्या एका तंबूमुळे. १९५९ सालची गोष्ट. इव्देल गावातल्या सरकारी कचेरीत तो तंबू तपासासाठी पसरून ठेवला होता. बाहेरून कुणीतरी तो फाडून आत घुसलं असावं, असा अधिकाऱ्यांचा कयास. गणवेशाच्या कामासाठी आलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाल्या, हा आतून कापलाय. निदान गोष्ट तशी सांगतात. पुढे तज्ज्ञांनी तपासून तेच लिहून दिलं.

तंबू होता इगोर द्यातलोव्हच्या गटाचा. वय २३, स्वेर्दलोव्स्कच्या उरल पॉलिटेक्निक संस्थेचा विद्यार्थी. जानेवारीत दहा जण स्कीवरून ओतोर्तेन डोंगराकडे निघाले. युरी युदिन दुखण्यामुळे २८ तारखेला मागे फिरला. उरलेल्या नऊ जणांनी १ फेब्रुवारीला खोलात स्याख्लच्या उतारावर बर्फ खणून तंबू ठोकला. त्या रात्री तंबू कापून ते बाहेर पडले. कुणाच्या पायात नुसते मोजे, कुणाच्या तेही धड नाहीत. पावलांचे ठसे मात्र धावत सुटलेल्यांचे नव्हते, चालत गेलेल्यांचे होते. पहिले दोन देह सुमारे दीड किलोमीटर खाली, एका मोठ्या पाइनच्या झाडाखाली, विझलेल्या शेकोटीजवळ सापडले. तिघे तंबूकडे परतताना वाटेतच गोठले होते. शेवटचे चौघे मे महिन्यात, एका घळीत, बर्फाच्या जाड थराखाली मिळाले. त्यांतल्या दोघांच्या बरगड्या आणि एकाची कवटी फुटलेली होती.

मे संपायच्या आत फाइल बंद झाली. निष्कर्ष एवढाच, की ज्या नैसर्गिक शक्तीपुढे या मुलांचं काही चाललं नसतं, तिनं त्यांना मारलं. कुठली शक्ती? ते लिहिलेलं नाही. कागद आत गेले आणि काही वर्षं त्या भागात गिर्यारोहकांना बंदी आली. सरकार एवढं गप्प बसल्यावर लोक थोडेच गप्प बसणार! क्षेपणास्त्र, हेर, मान्सी आदिवासी, हिममानव, परग्रहावरचे पाहुणे, सगळे येऊन गेले. तपास करणारे लेव्ह इव्हानोव्ह स्वतःच १९९० मध्ये आकाशातल्या आगीच्या गोळ्यांबद्दल लिहून बसले. बिचाऱ्या मान्सींना तर तपासाच्या सुरुवातीलाच चौकशीला सामोरं जावं लागलं होतं.

म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये रशियाच्या सरकारी वकिलांनी हे प्रकरण पुन्हा हाती घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण त्याच घोषणेत त्यांनी सांगून टाकलं, की पंचाहत्तर तर्कांपैकी आम्ही तीनच तपासणार: हिमस्खलन, बर्फाचा थर घसरणं आणि वादळ. गुन्ह्याची शक्यता नाहीच. आता, हे तिन्ही तर्क शहाणपणाचेच आहेत. पण चौकशीच्या आधीच उत्तराचं कुंपण घातलं, तर साठ वर्षं थांबलेल्या नातेवाइकांनी काय समजायचं? जुलै २०२०मध्ये निकाल आला: हिमस्खलन. मुलं ५० मीटरवरच्या खडकांच्या आडोशाला गेली, वळून पाहिलं तर तंबू दिसेना, कारण १६ मीटरपलीकडचं काही दिसतच नव्हतं. नातेवाइकांच्या वकिलांनी ते मानलं नाही.

पटेल असं उत्तर आलं स्वित्झर्लंडहून, जानेवारी २०२१ मध्ये. योहान गोम आणि अलेक्झांडर पुझ्रिन या दोन अभ्यासकांनी आक्षेपांनाच हात घातला. उतार एवढा सौम्य, मग बर्फ घसरेल कसा? तर बर्फाखालचा खरा उतार वर दिसतो त्यापेक्षा जास्त होता. तंबू ठोकला तेव्हाच का नाही घसरला? मुलांनी उतार कापला होता, आणि रात्रभर वाऱ्यानं वरून आणखी बर्फ आणून टाकला. बरगड्यांचं काय? तंबूखाली त्यांनी स्की अंथरल्या होत्या. वरून घट्ट बर्फाचा छोटासाच थर आला तरी खालची कठीण बैठक आणि तो थर यांत माणूस चेंगरतो. 'फ्रोझन' या कार्टूनपटातला बर्फ ज्या संगणकीय पद्धतीनं हलवला होता, ती गोम यांनी या हिशेबासाठी वापरली. मुलांच्या सिनेमातला बर्फ, आणि त्यातून या मुलांच्या बरगड्यांचा हिशेब! वाचताना मी थोडा वेळ पान उलटलं नाही.

मला स्वतःला हे पटतं. तंबू सोडल्यानंतर काय झालं, ते आपण सांगत नाही, असंही दोघांनी स्पष्ट लिहिलंय, आणि तेवढ्यासाठीच माझा त्यांच्यावर जास्त विश्वास बसतो. सरकारी निकालात हा प्रामाणिकपणा असता, तर नातेवाईक कदाचित निदान ऐकून घ्यायला बसले असते.

मागे फिरलेल्या युदिनला त्या वेळी बोलावून सापडलेल्या सामानातली कुठली वस्तू कुणाची, हे ओळखायला लावलं होतं. एकवीस वर्षांचा मुलगा, समोर मित्रांचे स्वेटर, मोजे, डायऱ्या. पुढे जन्मभर तो त्या एका रात्रीबद्दलच विचारत राहिला. २०१३च्या एप्रिलमध्ये तो गेला आणि येकातेरिनबुर्गच्या मिखाइलोव्हस्कोये दफनभूमीत मित्रांजवळ त्याला पुरलं. फाइल पुन्हा उघडली ती त्यानंतर सहा वर्षांनी.