पाठिंबा की ताबेदारी?

बांगलादेशातील आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरणाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी माजी पंतप्रधान शेख हसीना यांना त्यांच्या गैरहजेरीत मृत्युदंडाची शिक्षा सुनावली. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांचे आंदोलन चिरडण्यासाठी जे बळ वापरण्यात आले, त्याची जबाबदारी न्यायाधिकरणाने त्यांच्यावर ठेवली. त्या आंदोलनाच्या काळात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार कार्यालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये व्यक्त केला होता. ज्या न्यायाधिकरणाने ही शिक्षा दिली, ते १९७१ च्या युद्धगुन्ह्यांसाठी खुद्द हसीना यांच्या सरकारनेच २०१० साली स्थापन केले होते. खटला निःपक्षपातीपणे चालला की नाही, याविषयी मतभेद आहेत आणि ते पुढेही राहतील. परंतु या प्रकरणातील एक प्रश्न कोणत्याही न्यायालयात सुटणारा नाही. ढाका विद्यापीठात शिकणाऱ्या आणि हसीना यांना मनापासून मानणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या पाठिंब्याचा हिशेब कसा मांडावा, हा तो प्रश्न होय.

असे विद्यार्थी होते, आणि ते सगळेच लोभी किंवा गुंड होते असे समजणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्यापाशी कारणे होती आणि ती क्षुल्लक नव्हती. जागतिक बँकेने २०१२ साली कर्ज नाकारल्यावर पद्मा नदीवरील सहा किलोमीटरहून अधिक लांबीचा पूल स्वतःच्या पैशाने बांधून तो जून २०२२ मध्ये खुला करणारे सरकार हसीना यांचेच होते. २०१७ साली म्यानमारमधून जीव मुठीत धरून आलेल्या सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना याच सरकारने आसरा दिला. १९७१ साली पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्यांवर खटले भरण्याचे धैर्य आधीच्या अनेक सरकारांनी दाखविले नव्हते, ते हसीना यांनी दाखविले. २०१३ च्या फेब्रुवारीत शाहबाग चौकात जमलेल्या तरुणांना या खटल्यांत आपल्या देशाच्या जन्माचा अर्थ दिसत होता. अशा विद्यार्थ्याने हसीना यांची बाजू घेतली, यात त्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. चूक झाली ती त्यानंतर, पाठिंब्याचे रूपांतर ताबेदारीत झाले तेव्हा.

पक्षाआधीची विद्यार्थी संघटना

बांगलादेशात विद्यार्थी आणि नेता यांचे नाते आपल्याकडच्यापेक्षा वेगळे आहे. शेख मुजीबुर रहमान यांनी छात्र लीग स्थापन केली ती ४ जानेवारी १९४८ रोजी. अवामी लीग हा पक्ष जन्माला आला जून १९४९ मध्ये. म्हणजे तेथे पक्षाने विद्यार्थी संघटना काढली नाही, विद्यार्थी संघटना आधी आली आणि पक्ष मागून आला. मुजीब त्या वेळी ढाका विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत होते. १९४९ साली विद्यापीठातील चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांच्या आंदोलनाला त्यांनी पाठिंबा दिला. दंड भरा आणि चांगल्या वर्तनाची लेखी हमी द्या, असे विद्यापीठाने फर्माविले. मुजीब यांनी ते मानले नाही आणि त्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. हा ठराव विद्यापीठाने २०१० साली रद्द केला. १९५२ चे भाषा आंदोलन विद्यार्थ्यांचे होते. फेब्रुवारी १९६९ मध्ये मुजीब यांना 'बंगबंधू' ही पदवी दिली ती ढाका विद्यापीठ विद्यार्थी संसदेचे तेव्हाचे उपाध्यक्ष तोफायल अहमद यांनी, आणि २ मार्च १९७१ रोजी स्वतंत्र बांगलादेशाचा ध्वज विद्यापीठाच्या आवारात प्रथम फडकविला तोही विद्यार्थ्यांनीच.

विद्यार्थ्यांनी नेता घडवावा आणि त्याला जाबही विचारावा, अशी ही परंपरा होती. १९७२ साली छात्र लीगमध्ये फूट पडली आणि मुजीब यांच्याच कडव्या अनुयायांपैकी एक गट त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. मतभेद व्यक्त करण्याची ही जागा १९७५ च्या जानेवारीत बंद झाली. देशात एकच पक्ष राहील असे ठरले आणि त्या पक्षाला एकच विद्यार्थी संघटना जोडण्यात आली. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या पहाटे लष्करातील काही अधिकाऱ्यांनी मुजीब यांची कुटुंबीयांसह हत्या केली. त्या दिवशी ते ढाका विद्यापीठाला भेट देणार होते. सर्व विरोध गप्प करून मिळविलेला पाठिंबा संकटाच्या वेळी किती उपयोगी पडतो, याचे उत्तर त्या सकाळी मिळाले होते. परदेशात असल्यामुळे वाचलेल्या त्यांच्या कन्येने त्यातून वेगळा धडा घेतला असता, तर पुढचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

वसतिगृहातील खाट

लष्करशहा एर्शाद यांना डिसेंबर १९९० मध्ये पायउतार व्हावे लागले, त्यात एकजूट झालेल्या विद्यार्थी संघटनांचा मोठा वाटा होता. त्यानंतर लोकशाही आली, पण विद्यार्थी संसदेच्या निवडणुका थांबल्या. एर्शाद यांच्या राजवटीत १९८९ आणि १९९० साली ज्या निवडणुका होऊ शकल्या, त्या निवडून आलेल्या सरकारांच्या काळात अठ्ठावीस वर्षे झाल्या नाहीत. यात दोन्ही पक्ष सारखेच दोषी आहेत. राष्ट्रवादी पक्षाचे सरकार असले की वसतिगृहांवर त्याच्या छात्र दलाचा ताबा, आणि अवामी लीग आली की छात्र लीगचा, अशी पद्धतच पडून गेली. निवडणूक नसली म्हणून विद्यापीठातले राजकारण संपत नाही, ते मागील दाराने येते. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका बंद करणाऱ्या आणि २०१६ च्या कायद्यात त्यांची पुन्हा तरतूद करणाऱ्या महाराष्ट्रालाही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ढाक्यातील हे मागील दार म्हणजे वसतिगृह. खेड्यातून आलेल्या, शहरात भाड्याने खोली घेण्याची ऐपत नसलेल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा हवी असते. ती देणे विद्यापीठाचे काम. प्रत्यक्षात ती देत असे सत्ताधारी पक्षाची विद्यार्थी संघटना. चार जणांच्या खोलीत वीस-वीस मुले दाटीवाटीने झोपत. अशा खोलीला 'गणरूम' असे नाव पडले होते. रात्री या मुलांना बोलावून 'शिस्त' शिकविली जाई, कोणत्या मिरवणुकीला कधी जायचे ते सांगितले जाई, आणि जो गेला नाही त्याची झाडाझडती होई. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिकायला पाठविलेला मुलगा खाटेसाठी घोषणा देऊ लागला, तर त्याला दोष कसा द्यावा? पण त्या घोषणेला पाठिंबा तरी कसे म्हणावे? मुजीब यांनी हमी लिहून देण्याचे नाकारले होते. त्यांनीच काढलेली संघटना सत्तर वर्षांनी नव्या विद्यार्थ्याकडून रोज रात्री न लिहिलेली हमी घेत होती.

या व्यवस्थेचे टोक ऑक्टोबर २०१९ मध्ये दिसले. अभियांत्रिकी विद्यापीठातील दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी अबरार फहाद याने भारताशी झालेल्या पाणीवाटपाच्या व इतर करारांवर फेसबुकवर टीका केली. एवढ्यावरून छात्र लीगच्या मुलांनी त्याला वसतिगृहातील खोलीत बोलावून मरेपर्यंत मारले. मारणारे त्याचेच सहाध्यायी होते आणि अभ्यासात हुशार म्हणूनच त्यांना तेथे प्रवेश मिळाला होता. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांपैकी वीस जणांना मृत्युदंडाची शिक्षा झाली. नेत्याच्या धोरणावरील टीका म्हणजे नेत्याचा अपमान, आणि अपमान करणारा तो शत्रू, ही शिकवण एकदा अंगी मुरली की बुद्धिमत्ता माणसाला वाचवीत नाही.

एक शब्द आणि त्याची किंमत

सरकारी नोकऱ्यांतील ५६ टक्के जागा राखीव होत्या, त्यांपैकी ३० टक्के मुक्तियोद्ध्यांच्या वंशजांसाठी. २०१८ च्या आंदोलनानंतर वरच्या श्रेणीतील हे आरक्षण रद्द झाले. ५ जून २०२४ रोजी उच्च न्यायालयाने ते पुन्हा लागू केले. विद्यार्थ्यांची मागणी मुळात मर्यादित होती. युद्ध संपून पन्नास वर्षे उलटल्यावर नातवंडांना नोकऱ्या राखून ठेवणे योग्य आहे का, एवढेच ते विचारत होते. १४ जुलै रोजी पत्रकार परिषदेत हसीना यांनी उलट विचारले की, मुक्तियोद्ध्यांच्या नातवंडांना नोकऱ्या द्यायच्या नाहीत तर काय रझाकारांच्या नातवंडांना द्यायच्या? बांगलादेशात 'रझाकार' याहून जहरी शब्द नाही. त्याच रात्री वसतिगृहांतून हजारो मुले-मुली बाहेर पडली आणि होय, आम्हीच रझाकार, असे उपरोधाने ओरडू लागली. दुसऱ्या दिवशी छात्र लीगने विद्यापीठात त्यांच्यावर हल्ला चढविला. १६ जुलैला रंगपूरमध्ये अबू सईद हा विद्यार्थी हात पसरून पोलिसांसमोर उभा असताना गोळ्यांना बळी पडला. सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै रोजी ते आरक्षण ५ टक्क्यांवर आणले, परंतु तोवर प्रश्न नोकऱ्यांचा राहिलेलाच नव्हता. ५ ऑगस्ट रोजी हसीना यांनी देश सोडला आणि त्या भारतात आल्या.

याच दिवसांत एक गोष्ट घडली, तिच्याकडे मृत्यूंच्या बातम्यांमुळे पुरेसे लक्ष गेले नसेल. छात्र लीगच्या अनेक पदाधिकाऱ्यांनी आपले राजीनामे जाहीर केले. हसीना विद्यार्थिदशेत ज्या रोकेया हॉलच्या शाखेच्या सचिव होत्या, त्या हॉलसह अनेक वसतिगृहांतून विद्यार्थ्यांनी संघटनेच्या पुढाऱ्यांना बाहेर काढले. वर्षानुवर्षे मिरवणुकीत चालणारी ही गर्दी दोन-तीन रात्रींत विरून गेली. मनातून दिलेला पाठिंबा एवढ्या लवकर नाहीसा होत नाही. सत्ताधाऱ्यांना जे बळ वाटत होते ते खाटांच्या वाटपावर उभे होते. आणि खरे मत सांगण्याची कोणाची छाती नसल्यामुळे त्यांना ते कळलेही नाही.

'पर्याय कोण?'

प्रामाणिक समर्थकाचा युक्तिवाद मात्र खाटेचा नव्हता. तो म्हणे, हसीना गेल्या तर येणार कोण? जमात-ए-इस्लामीसारख्या, १९७१ साली स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या शक्तींना वाट मोकळी करून द्यायची का? ही भीती निराधार नव्हती. परंतु या भीतीपोटी त्याने काय काय सोसले ते पाहावे. २०१४ च्या निवडणुकीत ३०० पैकी १५३ जागांवर मतदानच झाले नाही, तेव्हा तो गप्प राहिला. २०१८ मध्ये रस्त्यावरील सुरक्षेची मागणी करणाऱ्या शाळकरी मुलांवर हेल्मेट घातलेले टोळके तुटून पडले, तेव्हाही तो गप्प राहिला. अबरारच्या मृत्यूनंतर हळहळला, पण संघटना सोडली नाही. पर्याय नाही म्हणून मौन, आणि मौनामुळे पर्यायाची वाढ खुंटलेली, अशा चक्रात पक्षातील आणि पक्षाबाहेरील उदार विचाराची माणसे निकामी झाली.

परिणाम उघड आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये छात्र लीगवर बंदी आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ढाका विद्यापीठाच्या विद्यार्थी संसदेच्या निवडणुकीत बहुतेक पदे जमातच्या विद्यार्थी शाखेने, इस्लामी छात्र शिबिराने पुरस्कृत केलेल्या गटाने जिंकली. ज्या विद्यापीठात स्वातंत्र्याचा ध्वज प्रथम फडकला, तेथे हे घडले. जमातच्या भीतीने जे बोलले नाहीत, त्यांनीच तिच्यासाठी मैदान मोकळे करून ठेवले. मुक्तियुद्धाचे नाव प्रत्येक लाठीमाराच्या समर्थनार्थ वापरले गेले, तेव्हा त्या नावाचे पावित्र्य कमी झाले. आणि ते कमी करणारे त्याचे शत्रू नव्हते.

विद्यार्थ्याने मग कोणत्याही नेत्याच्या मागे जाऊच नये काय? असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत, परंतु तो व्यर्थ आहे. विशीतल्या तरुणाला राजकारणापासून दूर ठेवणे शक्य नाही आणि इष्टही नाही. प्रश्न कोणाला पाठिंबा द्यावा हा नसून तो कोणत्या अटीवर द्यावा हा आहे. या बाबतीत भारतातील एक प्रसंग आठवण्याजोगा आहे. मार्च १९७७ मध्ये पराभव झाल्यानंतरही इंदिरा गांधी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या कुलपती होत्या. सप्टेंबरमध्ये विद्यार्थी त्यांच्या घरावर मोर्चा घेऊन गेले. विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष सीताराम येचुरी यांनी आणीबाणीतील आरोपांचे निवेदन त्यांच्यासमोर वाचले आणि त्यांनी ते उभे राहून ऐकले. पुढे त्यांनी ते पद सोडले. १९८० साली याच देशाने त्यांना पुन्हा सत्तेवर बसविले. पाठिंबा काढून घेता येतो आणि वाटल्यास पुन्हा देताही येतो, हे नेता आणि जनता या दोघांनाही त्यातून समजले. बांगलादेशात ही सोय उरली नाही. म्हणून तेथे नेत्याला पद सोडण्याऐवजी देश सोडावा लागला.

हसीना यांनी पूल बांधला आणि त्यांच्याच राजवटीत मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या, ही दोन्ही विधाने खरी आहेत. पूर्वीच्या समर्थकाने पहिल्या विधानासाठी दुसरे लपवू नये; आजच्या विजेत्यांनीही दुसऱ्यासाठी पहिले उच्चारण्याची बंदी करू नये. बंदी घातलेल्या संघटनेत काल असलेला, पण हातात काठी न धरलेला विद्यार्थी आज आपले मत बोलू शकत नसेल, तर गणरूमचा मालक बदलला, एवढाच त्याचा अर्थ होईल. पाठिंब्याची कसोटी साधी आहे. नेत्याचे एखादे कृत्य चुकीचे आहे असे दिवसा उघडपणे बोलून रात्री त्याच वसतिगृहात निर्धास्त झोपता येत असेल, तर दिलेला पाठिंबा खरा. ते जमत नसेल, तर घोषणा कितीही मोठ्याने दिल्या जात असोत, त्या पाठिंब्यावर खुद्द नेत्यानेही विश्वास ठेवू नये.