आधी घाण थांबवा, मग घाट बांधा!
मुसी आणि शहरातल्या तलावांसाठी हैदराबाद-सिकंदराबादच्या मराठी रहिवाशांना आवाहन



कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, गोदावरी त्र्यंबकेश्वरला आणि मांजरा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. या तीन नद्यांचे पाणी आज हैदराबादच्या नळांना येते. आपल्या मुलुखातल्या नद्या इतक्या लांबून येऊन आपली तहान भागवतात, आणि आपण ते पाणी वापरून, नासवून मुसीत सोडतो. मुसी ते नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्लीला पुन्हा कृष्णेच्या ओटीत टाकते. कृष्णेचे पाणी प्यायचे आणि गटार करून तिलाच परत द्यायचे, हा व्यवहार आपल्या डोळ्यांदेखत रोज चालतो. तो थांबवण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

मुसीची आजची दशा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशातल्या नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे जाहीर केले. मुसीचा आपल्याकडचा पट्टा त्यात पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट वर्गात होता. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, यावरून ही प्रतवारी ठरते. अंघोळीच्या पाण्यासाठी हे प्रमाण लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत चालते. पहिल्या वर्गात ते 30 च्या वर असते.

याचे कारण सरकारच्याच आकड्यांत आहे. 2021 मध्ये सरकारने सांगितले की महापालिका हद्दीत रोज सुमारे 1,650 दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होते आणि शुद्धीकरण केंद्रांची क्षमता 772 दशलक्ष लिटरची आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक मैलापाणी जसेच्या तसे नाल्यांत, तलावांत आणि नदीत जात होते. तेव्हा 3,866 कोटी रुपयांची 31 नवी केंद्रे जाहीर झाली. त्यांतली किती पूर्ण क्षमतेने चालतात आणि त्यांतून बाहेर पडणारे पाणी कसे असते, हे प्रत्येक वस्तीला दर महिन्याला कळले पाहिजे. पैसा आपला आहे, नदीही आपली आहे.

शहराबाहेर पडल्यावर याच पाण्यावर शेतकरी पॅरा गवत पिकवतात. ते गवत म्हशींना जाते आणि म्हशींचे दूध शहरात येते. नदीत टाकलेली घाण आपल्यापासून दूर गेली, असे कोणी समजू नये.

जे वाचले, ते कोणी वाचवले?

28 सप्टेंबर 1908 च्या पुरात मुसीने हजारो माणसे नेली. त्यानंतर निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांच्या योजनेतून 1920 मध्ये मुसीवर उस्मानसागर, म्हणजे आपला गंडीपेठ, आणि 1927 मध्ये ईसी नदीवर हिमायतसागर उभा राहिला. पूर अडवायला बांधलेल्या या तलावांनी पुढे शहराला पिढ्यान्‌पिढ्या पाणी पाजले.

1996 मध्ये जी.ओ. 111 हा सरकारी आदेश निघाला आणि या दोन तलावांभोवती 10 किलोमीटरच्या आत प्रदूषणकारी उद्योग, मोठी हॉटेले आणि वसाहतींना बंदी झाली. पुढच्याच वर्षी सरकारनेच एका तेल कारखान्याला सूट दिली! तेव्हा सोसायटी फॉर प्रिझर्वेशन ऑफ एन्व्हायरन्मेंट अँड क्वालिटी ऑफ लाइफ ही नागरिकांची संस्था कोर्टात गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले आणि डिसेंबर 2000 मध्ये न्यायालयाने ती सूट मोडून काढली. पिण्याचे पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि आपल्यामुळे पाण्याला धोका नाही हे कारखान्याने सिद्ध करायचे, ही तत्त्वे या खटल्यातून देशभर गेली. हैदराबादच्या सामान्य नागरिकांनी देशाला दिलेली ही देणगी आहे.

एप्रिल 2022 मध्ये जी.ओ. 69 काढून सरकारने तीच बंधने उठवली. कारण असे दिले की आता शहर या तलावांवर अवलंबून नाही. आम्ही विचारतो, दुसऱ्या नदीचे पाणी मिळाले म्हणून घरची विहीर बुजवायची का?

पाटणचेरूकडे पाहा. औषधे आणि रसायनांच्या कारखान्यांचे पाणी नक्कावागू नाल्यात सुटले आणि त्यातून मांजरेत गेले. विहिरी आणि शेते नासली. त्याच गावात दवाखाना चालवणारे डॉ. अल्लाणी किशन राव रोग्यांच्या तक्रारींमागचे कारण शोधत नाल्यापर्यंत गेले आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन अनेक वर्षे लढले. 1990 मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि शेतकऱ्यांना भरपाई देण्याचे आदेश झाले.

2007 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी पाटणचेरूच्या सामायिक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. त्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडले. हे औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. अशा पाण्यात जे जंतू तगतात त्यांच्यावर औषध चालेनासे होते, आणि तसे जंतू गावाची वेस ओळखत नाहीत. एवढे होऊन उपाय काय झाला? 2009 मध्ये 18 किलोमीटरची पाइपलाइन टाकून ते पाणी अंबरपेठच्या शुद्धीकरण केंद्राकडे वळवले. हे केंद्र घरगुती मैलापाण्यासाठी बांधलेले आहे आणि त्याचे पाणी मुसीत जाते. मांजरेचे दुखणे मुसीच्या अंगावर ढकलले, एवढेच घडले.

तरीही आशेला जागा आहे. नेकनामपूरच्या तलावात ध्रुवांश संस्थेच्या स्वयंसेवकांनी 2018 मध्ये सुमारे 3,000 चौरस फुटांची तरंगती बाग सोडली. बांबू, थर्माकोल, गोणपाट आणि खडी यांच्या थरांवर वाळा, कर्दळ अशी झाडे लावली. त्यांची मुळे पाण्यात लोंबतात आणि पाण्यातले नको ते शोषून घेतात. अंबरपेठचा बतुकम्मा कुंटा कचऱ्याखाली आणि अतिक्रमणाखाली गाडला गेला होता. तो 2025 मध्ये उकरल्यावर पुन्हा पाण्याने भरला. मेला म्हणून सोडून दिलेला तलाव परत येतो. मात्र त्याची पाठ सोडायची नाही, असे ठरवणारी माणसे लागतात.

सुशोभीकरणाचा भुलभुलैया

आता मुसीकाठच्या 55 किलोमीटरवर घाट, रस्ते, बागा आणि इमारती उभ्या करण्याची योजना आहे. 2024 मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांनी दीड लाख कोटी रुपयांचा आकडा सांगितला. त्याच वर्षी सप्टेंबरात चादरघाटच्या मूसानगर, शंकरनगर भागांतल्या गरिबांच्या घरांवर पाडण्यासाठीच्या लाल खुणा पडल्या.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सडक्या पाण्याच्या काठी बांधलेल्या घाटावर कोणी बसणार नाही. पाणी शुद्ध करायचे तर ते वर, नाल्यांतच करावे लागते. जीडिमेट्ला, बाळानगर, कूकटपल्लीकडून येणारा नाला हुसेनसागरात काय आणतो, रात्री टँकर कुठे रिकामे होतात, कोणत्या वसाहतीचे गटार थेट ओढ्याला जोडले आहे, ते आधी शोधा. नोव्हेंबर 2024 मध्ये जीडिमेट्ल्याच्या वेंकटाद्रीनगरात रस्त्यावर लाल पाणी वाहिले. ते झोपडीत राहणाऱ्यांनी आणले नव्हते. रसायने ओतणारे मोकळे आणि काठावरचा मजूर बेघर, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

पुराचे पाणी सामावणाऱ्या जागा मोकळ्या राहिल्याच पाहिजेत, हेही आम्ही तितक्याच जोराने सांगतो. ऑक्टोबर 2020 मध्ये गुर्रम चेरुवूचा बांध फुटून हाफिजबाबानगर बुडाले. सप्टेंबर 2025 मध्ये महात्मा गांधी बसस्थानकात मुसी शिरली. मात्र जी माणसे हलवायची, त्यांना आधी जवळच घर द्या आणि मग हलवा. आणि तोच नियम तलाव बुजवून टॉवर बांधणाऱ्यांनाही लावा.

आमच्या मागण्या

1. प्रत्येक शुद्धीकरण केंद्रात रोज किती पाणी आले, किती शुद्ध झाले आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी काय सांगते, हे तेलुगू, उर्दू आणि इंग्रजीत केंद्राच्या फाटकावर लावा.
2. नदीत येणारे सगळे नाले शुद्धीकरण केंद्रांना जोडले जाईपर्यंत सुशोभीकरणावर रुपया खर्च करू नका.
3. उस्मानसागर आणि हिमायतसागर यांच्या पाणलोटाची बंधने पुन्हा लागू करा.
4. कारखान्यांचे पाणी घरगुती मैलापाण्यात मिसळू देऊ नका. चोरून टँकर ओतणाऱ्यावर 1974 च्या जल कायद्याखाली खटला भरा.
5. प्रत्येक तलावाची पूर्ण भरण्याची रेषा आणि तिच्या भोवतीचा मोकळा पट्टा जागेवर खांब रोवून दाखवा.

आपण काय करायचे?

ईसामिया बाजारचे मराठी ग्रंथसंग्रहालय असो की विवेकवर्धिनीचे आवार, तिथून मुसी पायी जाण्याइतकी जवळ आहे. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार, सिकंदराबाद, कूकटपल्ली, कुठेही राहत असा, घराजवळ एखादा नाला किंवा तलाव आहेच. त्याचे नाव शोधा. पाच-सहा घरांनी मिळून तो वाटून घ्या. दर रविवारी सकाळी एक फेरी मारा. पाण्याचा रंग, वास, फेस आणि नव्याने पडलेला राडारोडा वहीत टिपा. तारीख, वेळ आणि जागेसह फोटो काढा. टँकर ओतताना दिसला तर लांबूनच नंबर टिपून प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि पोलिसांना कळवा. एकट्याने अडवायला जाऊ नका, आणि त्या पाण्यात उघड्या हाताने उतरू नका.

तक्रारीची पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. वर्षभराची अशी वही राष्ट्रीय हरित लवादाच्या चेन्नईतील पीठापुढे पुरावा म्हणून ठेवता येते. एका रविवारी कचरा वेचून, फोटो काढून घरी जाण्यापेक्षा ही वही शंभर पटींनी कामाची आहे. शेजारी तेलुगू असो, उर्दू बोलणारा असो की मारवाडी, त्याला बरोबर घ्या. नाला सगळ्यांच्या दारावरून वाहतो.

गणेशोत्सवात शाडूचीच मूर्ती आणा. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती हुसेनसागरात बुडवू नयेत, असे उच्च न्यायालयाने 2021 मध्येच सांगितले आहे. आपल्या मंडळांनी कोर्टाची वाट न पाहता हे पाळावे. गणपती शेवटी पाण्यातच जातो, तर ते पाणी राखणे हीही त्याचीच पूजा आहे.

सरकारे बदलतात, योजनांची नावे बदलतात. पाटणचेरूत आणि गंडीपेठला जे काही साधले, ते वर्षानुवर्षे मागे लागलेल्या नागरिकांमुळे साधले. मुसीसाठी आता ती पाळी आपली आहे. येत्या रविवारी आपल्या नाल्यावर या!

आपले,
मुसीकाठचे मराठी रहिवासी

(हे पत्रक वाचून झाल्यावर शेजारच्या घरी द्या. नाल्यात टाकू नका.)